एकदाच विचारणारं गाव

चहाची किटली समोर आली की काका आधी कपावर तळहात धरायचे. "नको, नको, अजिबात नको," म्हणायचे. हात मात्र कपाला टेकलेला नसायचा. तो कपाच्या थोडा वर असायचा आणि बोटं किंचित फाकलेली असायची. ओतणाऱ्यानं जरा नेम धरला असता तर चहा त्यातूनही कपात पडला असता.

ह्या हाताचा अर्थ तुम्हाला-मला सांगावा लागत नाही. आपण अशा हातांमध्येच वाढलो. "अर्धा तरी घ्या," "एवढासा तर आहे," "आम्हाला वाईट वाटेल हं," अशी दोन-तीन आवर्तनं झाली की हात हळूच बाजूला होतो आणि पाहुणा उपकार केल्यासारखा चहा पितो. काका मिरजेचे. त्यांच्याकडे म्हणे पाहुणा पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला तर घरातल्या बायका स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघायच्या.

असा हा माणूस उतारवयात कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे कुठलीही गोष्ट माणसाला एकदाच विचारतात, अशा गावाच्या प्रेमात पडला. पुढे जे झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

ते माझे सख्खे काका नव्हेत. आमची ओळख कामातली. ते तरुणपणी इथे आले, पाण्याचे इंजिनियर म्हणून सरकारी नोकरी केली, रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून पुन्हा कामाला लागले. मी पुण्याहून आलेली, रिचमंड हिलला राहणारी, त्यांच्याहून निम्म्या वयाची. दूरदूरच्या गावांसाठी पाणी शुद्ध करण्याचे छोटे प्लँट चालते ठेवायचं काम आमची कंपनी करायची. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर नको. काका म्हण. फक्त मीटिंगमध्ये म्हणू नकोस, गोऱ्यांना वाटेल तेच माझं नाव आहे." मी अर्थातच मीटिंगमध्ये विसरले. महिन्याभरात सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायला लागलं, मॅनेजरसकट.

त्या गावाला आम्ही पहिल्यांदा बरोबर गेलो तो जूनचा महिना होता. थंडर बेपर्यंत मोठं विमान, पुढे लहान, आणि त्याच्याही पुढे चार-पाच माणसांचं, पाण्यावर उतरणारं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या लावलेलं. गावाला रस्ता नाही, धावपट्टी नाही. उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावर उतरायचं, हिवाळ्यात तळ्याच्या बर्फावर. मधले काही आठवडे, पाणी धड पाणी नसतं आणि बर्फ धड बर्फ नसतं, तेव्हा कुणी जात नाही आणि कुणी येत नाही.

विमानाच्या आवाजात बोलणं होत नाही. काका कपाळ काचेला टेकवून बसायचे. खाली शेत नाही, घर नाही, विजेची तार नाही. तळं, मग काळपट हिरवी झाडं, मग पुन्हा तळं. ऊन एका तळ्यातून उचलून दुसऱ्यात ठेवल्यासारखं आमच्याबरोबर चालत राहायचं. बऱ्याच वेळानं ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "देवानं इथे पाणी सांडलं आणि पुसायचं विसरला बघ!" आणि पुन्हा काचेला चिकटले. ह्या माणसानं हा प्रवास कितीतरी वेळा केला असेल, पण खिडकीची जागा त्यांनी मला कधी दिली नाही. मी मागितली असती तर "घे की, घे की" म्हणाले असते, आणि तोंड इतकं पडलं असतं की मला बसवलं नसतं.

गाव फर्स्ट नेशनचं, म्हणजे इथल्या मूळ माणसांचं. तळ्याच्या काठाकाठानं घरं. इतकं पाणी पुढ्यात, आणि वर्षानुवर्षं घरातल्या नळावर सूचना चिकटवलेली, की पाणी उकळून प्या. प्लँट होता पण तो नीट चालत नसे. तो नीट चालवायचा आणि चालवायला गावातलाच माणूस तयार करायचा, हे काकांचं काम. तो माणूस म्हणजे नॉर्मन. अंगानं आडवा, बोलायला कमी, हसला की डोळे मिटणारा. आणि नॉर्मनची मावशी एल्सी. एल्सीचं वय कुणी सांगत नसे. ती जाळी टाकायची, मासे धुरावर धरायची, आणि तिच्या चुलीवर चहाचं मोठं काळं भांडं दिवसभर असायचं.

काकांची त्या गावातली पहिली फेरी कशी झाली ते मला नॉर्मननं सांगितलं आणि मग काकांनीही. दोघांच्या हकिगती जुळतात, फक्त हसायच्या जागा वेगळ्या आहेत.

काका सकाळी उतरले. एल्सीनं विचारलं, "मासा खाणार?" तळ्यातला ताजा पिकरेल तव्यावर चरचरत होता. काकांचा हात वर गेला. "नो, नो, थँक्यू, प्लीज डोन्ट ट्रबल." एल्सी "ओके" म्हणाली आणि बसून खायला लागली. काका वाट बघत राहिले. दुपारी दुसऱ्या घरी चहा विचारला. "नो, नो." "ओके." संध्याकाळी तिसऱ्या घरी सूप. वास तर असा, काका सांगायचे, की डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून मात्र गेलं, "नो, नो." भांड्यावर झाकण पडलं. त्या मुक्कामात काका बॅगेतली बिस्किटं प्लँटच्या खोलीत, पंपाच्या आडोशाला उभं राहून खात होते.

"मला वाटलं, काय कोरडी माणसं आहेत," काका म्हणायचे.

"आम्हाला वाटलं, ह्याचं पोट बिघडलंय," नॉर्मन म्हणायचा.

शेवटी नॉर्मननं त्यांना बिस्किटं खाताना पकडलं. मग प्लँटच्या पायरीवर बसून त्यानं समजावलं. इथे माणसाला एकदा विचारतात. तो नाही म्हणाला म्हणजे नाही. पुन्हा विचारायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा रे, तुझं मन तुला कळत नाही, मला कळतं. तसं इथे लहान मुलालाही कुणी म्हणत नाही. काका म्हणाले, "अरे, आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारलं नाही तर जन्मभर बोलणं टाकतात." नॉर्मननं विचारलं, "मग तुमच्याकडे खरंच भूक नसेल तर माणूस काय करतो?"

काका नंतर मला म्हणाले, "खरंच भूक नसेल तरी आपण खातोच."

काकूंना त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणे हसून हसून दमल्या आणि म्हणाल्या, "मग पहिल्यांदाच हो म्हणा की! त्याला काय खर्च येतो?" काकू तेव्हा होत्या. मी त्यांना फक्त गणपतीत भेटायचे. एखादी गोष्ट सोपी असेल तर ती सोपीच ठेवायच्या.

पण काकांना ते जमेना. गंमत बघा, विचारायच्या बाजूनं ते पुरते बदलले. ओकव्हिलच्या त्यांच्या घरी गणपतीला गेलं की काका जिलबीचं ताट घेऊन एकदाच फिरायचे. "घेणार?" समोरच्यानं रीतीप्रमाणे "नको, बास" म्हटलं की "ओके" म्हणून पुढे. माणसं ताटाकडे बघत राहायची. पुढे सगळीकडे झालं, की काकांकडे जिलबी दिसते पण मिळत नाही. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके कसे गं चिकट झाले हे?" काकू मागून येऊन दोन-दोन जिलब्या पानात टाकून जायच्या म्हणून अब्रू राहिली. घ्यायच्या बाजूनं मात्र काका शेवटपर्यंत मिरजेचेच राहिले. हात वर जायचाच. गावातल्या लोकांनी मग तोडगा काढला. ते काकांना विचारायचेच नाहीत, सरळ पुढ्यात वाढायचे. त्यांचं टोपणनावही पडलं होतं, नो-नो.

एल्सीची आणि त्यांची एक वेगळीच गोष्ट चालू होती. प्लँट सुधारला, पाणी चांगलं झालं, नळावरची सूचना निघाली, सगळं गाव ते पाणी प्यायला लागलं. एल्सी नाही. ती तळ्यावरून बादली आणायची आणि चुलीवर उकळायची. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणायची. काकांच्या ते जिव्हारी लागलं होतं. प्रत्येक फेरीत ते तिच्या दारात जायचे आणि एकदा विचारायचे, "एल्सी, माझ्या नळाचं पाणी घेऊन बघणार?" ती म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "ओके." मग दोघं चहा प्यायची, तळ्याच्या पाण्याचा. पुढचं विचारणं पुढच्या फेरीला. एक शब्द जास्त नाही. मला हे बघताना गुदगुल्या व्हायच्या, कारण आतून काका किती उकळत असायचे ते मला ठाऊक होतं.

एका ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा धरायला लागला होता तेव्हा, आम्ही प्लँटमध्ये फिल्टर धूत होतो. दार उघडलं. एल्सी आत आली, कुणाशी काही न बोलता भिंतीवरच्या नळाखाली किटली धरली, भरली, आणि गेली. नॉर्मननं मान वर केली नाही. मीही नाही केली. काका मात्र हातातला ब्रश ठेवून बाहेर गेले आणि बराच वेळ तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा नाक लाल होतं. "थंडी वाढली," म्हणाले.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. काका पंधरा दिवसांत कामावर आले आणि म्हणाले, "त्या गावची फेरी कधी आहे?" मी त्यांना घेऊन गेले. तिथल्या संध्याकाळी तुम्ही पाहिल्या नसतील तर कशा सांगू? ऊन जातच नाही. तळं आधी पिवळं होतं, मग गुलाबी, मग बराच वेळ कुठलाच रंग नसलेलं. दूर कुठेतरी लून पक्षी ओरडतो आणि पलीकडच्या काठावरून तसंच कुणीतरी ओरडतं, दुसरा पक्षी की तोच आवाज परत आलेला, ते कळत नाही. उलट्या घातलेल्या होडीवर आम्ही तिघं बसलो होतो, काका, एल्सी आणि मी. एल्सी जाळ्यातली गाठ सोडवत होती.

"इथे आलं की कान मोकळे होतात," काका मला मराठीत म्हणाले. "घरी फार आवाज आहे. ती नसल्याचा."

एल्सीनं काय म्हणाले ते विचारलं नाही. थोड्या वेळानं ती हनुवटीनं तळ्यात घुसलेल्या खडकाळ टोकाकडे दाखवत म्हणाली, "तिकडे माझ्या भावाची केबिन आहे. रिकामी असते. काम संपलं की उन्हाळ्यात इथेच राहायला ये."

मी काकांकडे बघितलं. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि त्या उजळलेल्या चेहऱ्यानं ते म्हणाले, "नो, नो, एल्सी! असं कसं, छे छे, नो."

तुम्हाला कळलं ना? मला कळलं. मिरजेला कळलं असतं. तो सगळ्यात मोठा होकार होता.

"ओके," एल्सी म्हणाली आणि गाठ सोडवत राहिली.

काका हसू तसंच ठेवून थांबले. लून ओरडला. गाठ सुटली. एल्सीनं दुसरी गाठ घेतली. काकांचं हसू कधी मावळलं ते मला दिसलं नाही, मी पाण्याकडे बघत होते, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

परतीच्या विमानात ते खिडकीशी बसले पण कपाळ टेकवलं नाही. थंडर बेला कॉफी घेताना म्हणाले, "एकदा परत विचारायला काय हरकत होती तिला?"

"काका, ती नाही विचारणार."

"मला सांगू नकोस. मीच सगळ्यांना सांगत फिरतो ना?"

पुढच्या वर्षी आमचं तिथलं काम संपलं. वाईट काही नव्हतं त्यात. नॉर्मन एकटा प्लँट उत्तम चालवत होता, म्हणजे काकांचं काम फत्ते झालं होतं. पण फेऱ्या थांबल्या. काकांच्या मुलानं ओकव्हिलमधल्याच आपल्या घराचं बेसमेंट नीट करून त्यांना तिथे आणलं. मुलगा गुणी आहे, उगाच वेगळं चित्र नको. स्वतंत्र वॉशरूम, गरम राहणारी फरशी, भिंतीएवढा टीव्ही. ओकव्हिललाही तळं आहेच की, समुद्राएवढं. काका रोज काठावर चालून यायचे. मी भेटायला गेले की म्हणायचे, "इथल्या तळ्याला बाक आहेत, दिवे आहेत, कुत्र्यांसाठी पिशव्या आहेत." वजन उतरलं होतं. स्वेटर दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा दिसायचा.

एकदा मी सरळच विचारलं, "तुम्हाला तिथे जायचंय ना?"

"जायचंय," ते म्हणाले. पहिल्या विचारण्याला हो म्हणालेले मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "ह्या बेसमेंटमध्ये मी नुसता ठेवलेला आहे गं. ह्यांचा दोष नाही. पण मला उरलेले उन्हाळे तिथे काढायचेत."

"मग फोन करा नॉर्मनला."

"आणि काय सांगू? मी नाही म्हणालोय. आता आपण होऊन, मला ठेवून घ्या म्हणू? कुणाच्या दारात असं कधी उभं नाही राहिलो." मग आवाज खाली आणून, "तुझं जाणं झालं तर सहज विषय काढून बघ. सहज हं. मी सांगितलं म्हणून नको सांगू."

जवळच्याच दुसऱ्या एका गावाला माझं काम निघालं तेव्हा मी वाट वाकडी करून गेले. एल्सीच्या चुलीपाशी बसून मी सहज विषय काढला. इतका सहज, की लाकडालाही कळलं असतं. काकांना इथली फार आठवण येते. तू पुन्हा एकदा विचारलंस तर बरं वाटेल त्यांना.

एल्सी म्हणाली, "मी विचारलं होतं. तो नाही म्हणाला. तो मोठा माणूस आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. मला चहा देऊन, बऱ्याच वेळानं, खिडकीतून त्या टोकाकडे बघत म्हणाली, "केबिन आहे अजून."

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. काकांनी मला ते वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं.

"'आहे' म्हणाली, की 'आहे अजून' म्हणाली?"

"आहे अजून."

"तुझ्याकडे बघून, की खिडकीकडे?"

"खिडकीकडे."

"मग आता ह्याला आग्रह म्हणायचा का?"

"नाही काका."

"थोडासा?"

मुलगा वरून खाली आला होता आणि पायरीवर उभा होता. तो मराठी समजतो, बोलत नाही. "बाबा, आर यू सिरियस? देअर्स नो हॉस्पिटल. यू आर ऑन ब्लड थिनर्स." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथे नर्स असते, डॉक्टर विमानानं येतो. काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "अरे, मला माहीत आहे सगळं. मला कळतं माझं." मुलानं पुन्हा विचारलं नाही, काळजीनं पायरीवरच बसून राहिला.

काकांनी फोन लावला. स्पीकरवर ठेवला. नॉर्मननं उचलला, हाक मारली, एल्सी आली. काकांनी घसा साफ केला. मला वाटलं आता हवापाणी, मासे, प्लँट, सगळं फिरून होईल. ते म्हणाले, "एल्सी, मला यायचंय."

पलीकडून काही आलं नाही. नुसती खरखर. काकांनी तोंड उघडलं होतं, आता म्हणणार, अडचण असेल तर राहू दे हं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"बर्फ गेलं की विमानापाशी नॉर्मन होडी पाठवेल," एल्सी म्हणाली. फोन ठेवला.

असे त्यांना तीन उन्हाळे मिळाले. बर्फ गेलं की जायचे, पहिलं बर्फ पडायच्या आत यायचे, ही मुलाची अट. मी एकदा जाऊन राहून आले. केबिनला एक खोली, एक चूल, एक खिडकी. सकाळी तळ्यावर धुकं असायचं आणि त्यातून आधी वल्ह्याचा आवाज यायचा, मग होडी. काका आणि एल्सी जाळं काढायला जायची. फार बोलायची नाहीत. एल्सी तिच्या भाषेत काही म्हणायची, काका मराठीत काहीतरी म्हणायचे, आणि दोघांना पुरायचं. मला वाटतं त्या माणसाच्या अंगावर तिथे पुन्हा मांस चढलं. एका दुपारी ते खडकावर उन्हात झोपले होते, पाय पाण्यात, चेहऱ्यावर टोपी. मी खिडकीतून बघत राहिले आणि उगाचच मला रडू आलं. दुःखाचं नव्हे. इतकं हवं ते माणसाला मिळालेलं आपण फारसं बघत नाही.

चौथ्या उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत, ते ओकव्हिलला, झोपेतच गेले. मुलानं मला फोन केला, मी नॉर्मनला केला. नॉर्मन म्हणाला, "मी एल्सीला सांगतो." तेवढंच.

जुलैमध्ये मुलगा म्हणाला, केबिनमधलं बाबांचं सामान आणायला हवं, वाट तुला माहीत आहे, येशील का? आम्ही दोघं गेलो. विमान थेट त्या टोकाशीच उतरलं, चारला परत न्यायला येणार होतं. मुलगा विमानात मोबाइलवर काम करत होता. रेंज गेली तेव्हा त्यानं खाली बघितलं आणि मग बघतच राहिला.

केबिन झाडून ठेवलेली होती. सामान कसलं, दोन स्वेटर, गोळ्यांची डबी, चष्मा, काकूंचा फोटो. मुलाला ते बॅगेत भरायला पाच मिनिटं लागली असतील. मग तो नुसताच खिडकीपाशी उभा राहिला. एल्सी होडीनं आली. तिनं मासे आणले होते. आम्ही बाहेर खडकावर बसून खाल्ले. एल्सी त्याच्याकडे मधूनमधून बघत होती. तो चालताना बापासारखा थोडा डावीकडे झुकतो.

विमानाचा आवाज लांबून यायला लागला तेव्हा एल्सी त्याला म्हणाली, "हवं तर राहा काही दिवस."

"ओ, नो, नो," तो पटकन म्हणाला. "वी आर गुड. थँक यू सो मच."

"ओके," एल्सी म्हणाली.

विमान पाण्यावर उतरलं, वळलं, धक्क्याला लागलं. पायलटनं बॅगा घेतल्या. मी चढले. मुलगा एक पाय विमानाच्या होडीवर ठेवून थांबला. एल्सी खडकावरचं आवरत होती, तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यानं पाय खाली घेतला. धक्क्यावरून चालत तिच्यापर्यंत गेला आणि काहीतरी म्हणाला. विमानाच्या पंख्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. एल्सीनं मान डोलावली आणि मासे तळलेला तवा त्याच्या हातात दिला.

तो परत येऊन स्वतःची बॅग काढून घेऊन गेला. डोळे पुसत होता. पायलटनं मला विचारलं, "तुम्ही एकट्याच?" मी हो म्हटलं.

खिडकीची जागा मला मिळाली. विमान पाणी सोडून वर आलं आणि त्या टोकावरून एक फेरी मारून दक्षिणेला वळलं. खाली एल्सी होडीकडे चालली होती, मागे न बघता. तो तिच्यामागून चालला होता, हातात वल्हं घेऊन, ते कसं धरतात ते त्याला माहीत नव्हतं.